दाद मागण्याची फी : अटलांटातला एक कामाचा दिवस

सकाळी ७.३०

अटलांटाच्या मध्यवस्तीतल्या टपाल कार्यालयात आमच्या संस्थेची पेटी आहे. ती उघडली की माझा कामाचा दिवस सुरू होतो. संस्था लहान आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या तुरुंगांमधले कैदी तुरुंगातल्या वागणुकीविरुद्ध दिवाणी दावा लावू पाहतात, तेव्हा त्यांना कायद्याची माहिती देणं आणि जमेल तिथे त्यांचं वकीलपत्र घेणं, हे आमचं काम. मी मूळची साताऱ्याची. वकिली आधी पुण्यात शिकले, मग इथे.

पेटीत लांबट पाकिटं असतात. आतला कागद कधी वहीतून फाडलेला, कधी छापील फॉर्मची पाठकोरी बाजू. पेन मिळालं नसेल तर पेन्सिल. अक्षर मात्र बहुतेकांनी जपून काढलेलं असतं. जखम चिघळली तरी डॉक्टरकडे नेलं नाही, मारहाणीची भीती कळवूनही बराक बदलून दिली नाही, अशा तक्रारी वारंवार येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं जॉर्जियातल्या तुरुंगांवर अहवाल दिला. कैद्यांना हिंसाचारापासून वाचवण्यात राज्य कमी पडतं आणि त्यामुळे राज्यघटनेचा भंग होतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा ही पत्रं म्हणजे रिकामटेकड्यांच्या कुरबुरी आहेत, असं समजण्याचं कारण नाही.

दिवाणी दाव्यात कैद्याला सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. न्यायालय एखाद्या वकिलाला विनंती करू शकतं, एवढंच. त्यामुळे बहुतेक कैदी स्वतःच दावा लिहितात आणि पत्रात आम्हाला दोन गोष्टी विचारतात. माझा दावा टिकेल का? आणि त्याला पैसे किती लागतील? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणसागणिक बदलतं. दुसऱ्याचं उत्तर कायद्यानं ठरवून टाकलेलं आहे, आणि माझ्या दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो.

सकाळी ८.३०

कचेरीत पत्रांचे गठ्ठे लावायचे. सगळ्यांत वरचा गठ्ठा मुदतीचा. नागरी हक्कांच्या भंगाबद्दल फेडरल न्यायालयात दावा लावायला जॉर्जियात दोन वर्षांची मुदत आहे. पण त्याआधी कैद्यानं तुरुंगातल्या तक्रार निवारणाच्या सगळ्या पायऱ्या चढलेल्या असाव्या लागतात. पहिला तक्रार अर्ज घटनेपासून दहा दिवसांत द्यावा लागतो. इस्पितळात पडलेल्या किंवा एकांत कोठडीत टाकलेल्या माणसाचे दहा दिवस केव्हाच उलटतात. पायरी चुकली की चांगला दावाही तिथेच अडकतो.

दुसरा गठ्ठा फीच्या आदेशांचा. न्यायालयाकडून आलेला कागद कैद्यानं तसाच पाकिटात घालून पाठवलेला असतो आणि कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ‘याचा अर्थ काय?’

तिसऱ्या गठ्ठ्यात हेबियस कॉर्पसची पत्रं येतात. शिक्षाच चुकीची आहे किंवा कैदच बेकायदा आहे, असं म्हणणाऱ्यांची. त्या अर्जाची फी ५ डॉलर आहे आणि ज्या हप्त्यांबद्दल मी पुढे लिहिणार आहे ते त्याला लागू होत नाहीत. मोठ्या फीला घाबरून काही जण हा अर्जही करत नाहीत. अशांना त्याच दिवशी उत्तर जातं.

एखादं पत्र लम्पकिन गावाच्या स्ट्यूअर्ट केंद्रातून येतं. तिथे गुन्ह्याची शिक्षा भोगणारे कैदी नसतात, इमिग्रेशन खात्यानं अडकवून ठेवलेले परदेशी नागरिक असतात. भारतीय नावंही दिसतात. मराठी वाचकांनी हे लक्षात ठेवावं, कारण परदेशातल्या नातेवाइकावर ही वेळ येऊ शकते. केवळ इमिग्रेशनच्या कारणावरून अडकलेला माणूस हप्त्यांची फी लावणाऱ्या कायद्याच्या व्याख्येतला ‘कैदी’ ठरत नाही. त्याची ऐपत नसेल, तर त्याला बाहेरच्या गरीब माणसासारखी फीमाफी मागता येते.

सकाळी ९.३०

आता गणित. फेडरल जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा दाखल करायची फी ४०५ डॉलर आहे. त्यातले ३५० कायद्यानं ठरवलेले आणि ५५ प्रशासकीय. नादार म्हणून परवानगी मिळाली की ५५ माफ होतात.

बाहेरचा गरीब माणूस असेल, तर अर्ज मंजूर झाल्यावर उरलेले ३५० डॉलरही त्याला भरावे लागत नाहीत. कैदी असेल तर ते भरावेच लागतात. नादारीचा अर्ज मंजूर होऊनही भरावे लागतात. फरक इतकाच की एकरकमी न घेता हप्त्यांनी घेतले जातात.

आज माझ्यासमोर एका कैद्याचं सहा महिन्यांचं खातं आहे. दाव्याबरोबर ते तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं प्रमाणित करून द्यावं लागतं. आकडे मी समजायला सोपे करून घेते. जमा रकमा अशा : ६०, ०, ४०, ५०, ०, ३० डॉलर. बेरीज १८०, महिन्याची सरासरी ३०. महिन्याच्या शिलकीची सरासरी १२. कायदा सांगतो की या दोन सरासऱ्यांतली मोठी धरा आणि तिचे २० टक्के सुरुवातीला घ्या. म्हणजे ६ डॉलर. त्यानंतर दर महिन्याला आधीच्या महिन्याच्या जमेच्या २० टक्के रक्कम, खात्यात १० डॉलरपेक्षा जास्त असतील तेव्हा तेव्हा, तुरुंगानं परस्पर न्यायालयाकडे पाठवायची. उरले ३४४ डॉलर. जमा अशीच राहिली तर फिटायला सुमारे पावणेपाच वर्षं लागतील.

दावा पहिल्या महिन्यात फेटाळला गेला तरी ही कपात थांबत नाही. कैद्यानं स्वतःहून मागे घेतला तरी थांबत नाही. दुसऱ्या तुरुंगात बदली झाली तर हप्ता मागोमाग जातो. दावा दाखल झाला त्या क्षणी कर्ज अंगावर चढलेलं असतं.

कायद्यात एक चांगलं कलमही आहे आणि ते मी प्रत्येक उत्तरात ठळक अक्षरांत लिहिते. सुरुवातीची रक्कम भरायला खात्यात काहीच नसेल, तर तेवढ्या कारणानं कैद्याचा दावा अडवता येत नाही. शून्य शिलकीवरही दावा दाखल होतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण प्रयत्नच करत नाहीत, आणि दोन वर्षं निघून जातात.

सकाळी ११.००

एका कैद्याच्या आईचा फोन. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचं म्हणणं असं की मुलाला साबण, टूथपेस्ट आणि पायमोजे घ्यायला तिनं पैसे पाठवले, त्यातले निम्मे कुठे गेले?

जॉर्जियात बहुतेक कैद्यांना तुरुंगातल्या कामाचा मोबदला मिळत नाही. स्वयंपाक, धुणं, साफसफाई, सगळं बिनपगारी. फेडरल तुरुंगांत नेहमीच्या कामाला तासाला १२ ते ४० सेंट मिळतात, इथे तेही नाहीत. मग खात्यात जमा होणारा पैसा येतो तो घरच्यांकडून. कायदा त्यालाच ‘उत्पन्न’ म्हणतो. दावा मुलाचा असतो, पण फी आईच्या पगारातून जाते.

तिच्या मुलाचे दोन दावे चालू आहेत. जानेवारी २०१६ मध्ये ब्रूस विरुद्ध सॅम्युएल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ठरवलं की एकाहून अधिक दावे असतील तर प्रत्येकासाठी वेगळे २० टक्के एकाच वेळी कापायचे. एक फिटला की मग दुसरा, असं नाही. दोन दाव्यांचे ४० टक्के झाले, आणि पैसे पाठवणाऱ्या खासगी कंपनीचं शुल्क वेगळं. निम्मे गेले ते असे. एखाद्याची अशी पाच प्रकरणं झाली तर हिशेब शंभर टक्क्यांवर जातो.

तिला हे सगळं समजावून सांगायला बराच वेळ लागतो. ती रागावत नाही. पुढच्या महिन्यापासून पैसे पाठवणं थांबवू का, एवढंच विचारते. थांबवले तर कपात होणार नाही, पण मुलाला साबणही मिळणार नाही. निर्णय तिनं आणि मुलानं मिळून घ्यायचा आहे. मी एवढंच सांगू शकते की पैसे थांबले म्हणून मुलाचे दावे रद्द होणार नाहीत.

दुपारी १२.१५

तुरुंगात भेटीला जायचं आहे. संस्थेत शिकायला आलेली कायद्याची विद्यार्थिनी गाडी चालवते, मी शेजारी बसून डबा खाते. ती विचारते की हा नियम आला कुठून?

गरिबांना फीशिवाय दावा लावता यावा, यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसनं १८९२ मध्ये कायदा केला. पुढे शंभराहून अधिक वर्षं कैद्यांनाही त्याचा पूर्ण लाभ मिळत होता. फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियननं पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोचला तो नादारीच्या सवलतीतूनच. त्यावरच्या १९६३ च्या निकालानं गंभीर गुन्ह्याच्या प्रत्येक गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क दिला. १९७६ मध्ये टेक्सासच्या गॅम्बल नावाच्या कैद्याच्या हस्तलिखित दाव्यातून ठरलं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही क्रूर शिक्षाच आहे. गॅम्बल स्वतः हरला, पण आज आमच्या जवळजवळ प्रत्येक वैद्यकीय दाव्यात त्या निकालाचा आधार असतो.

नव्वदच्या दशकात तुरुंग भरत गेले आणि दावेही वाढले. १९९५ मध्ये कैद्यांनी फेडरल न्यायालयांत जवळपास ४० हजार दिवाणी दावे लावले. न्यायालयांवर खरोखरच ताण होता, आणि त्यात निरर्थक दावेही होते, हे मान्य केलं पाहिजे. राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी हास्यास्पद दाव्यांच्या याद्या काढल्या. त्यांतला सर्वांत गाजलेला दावा शेंगदाण्याच्या लोण्याचा. एका कैद्याला दाणेदार लोणी हवं होतं, मऊ मिळालं, म्हणून तो कोर्टात गेला, असं सांगितलं जायचं. न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी ते प्रकरण मुळातून तपासून लिहिलं. कैद्यानं नको असलेली बरणी परत केली होती, पण पैसे खात्यावर परत येण्याआधी त्याची बदली झाली. त्याचे अडीच डॉलर तुरुंगाकडे अडकले होते आणि दावा त्या अडीच डॉलरसाठी होता. ज्याची महिन्याची कमाईच मोजक्या डॉलरांची असते, त्याच्यासाठी ती रक्कम किरकोळ नव्हती.

पण गोष्ट पसरायची ती पसरली. २६ एप्रिल १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कैद्यांच्या दाव्यांबाबतच्या सुधारणा कायद्यावर सही केली. सरकारी खर्चाच्या एका भल्या मोठ्या विधेयकाला तो जोडलेला होता. हप्त्यांची फी, तक्रारीच्या पायऱ्यांची सक्ती, वकिलाच्या फीवर मर्यादा, दाव्याची सुरुवातीलाच छाननी आणि ‘तीन स्ट्राइक’चा नियम, हे सगळं त्यातून आलं.

दावे कमी झाले का, असं ती विचारते. झाले. २००१ पर्यंत ते चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. मग निरर्थक दावे गळाले आणि खरे उरले, असं म्हणायचं का? तसं असतं तर उरलेल्या दाव्यांत कैद्यांच्या यशाचं प्रमाण वाढायला हवं होतं. मिशिगन विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक मार्गो श्लँगर यांनी वर्षानुवर्षं ही आकडेवारी अभ्यासली आहे. यश वाढलेलं त्यांना दिसलं नाही. उलट दावा जिंकणं आणखी अवघड झालं.

दुपारी २.००

तुरुंगाच्या फाटकावर ओळखपत्र, झडती, मग गिनती संपेपर्यंत थांबणं. वकील-भेटीची खोली लहान आहे. टेबल जमिनीत पक्कं बसवलेलं.

समोर बसलेल्या माणसाला मधुमेह आहे. पायाची जखम भरत नाही, पट्टी वेळेवर बदलत नाहीत, अशी त्याची तक्रार. तुरुंगातल्या सगळ्या पायऱ्या चढून त्यानं कागद नीट लावून ठेवले आहेत. त्याच्याकडे दुसरीही तक्रार आहे. बराक बदलताना त्याची सगळी कागदपत्रं आणि मुलीची पत्रं फेकून दिली गेली. त्याला दोन्हींबद्दल दाद मागायची आहे.

दोन्ही तक्रारी एकाच दाव्यात बसत नाहीत. माणसं वेगळी, घटना वेगळी. असंबद्ध तक्रारी एकत्र बांधायला दिवाणी प्रक्रियेचे नियम परवानगी देत नाहीत, आणि एका फीत दोन दावे उरकले जाऊ नयेत म्हणून न्यायालयं याकडे बारकाईनं पाहतात. अनेक कैद्यांनी मिळून एकच दावा लावला आणि फी वाटून घेतली तर? जॉर्जिया ज्या अपील न्यायालयाच्या हद्दीत येतं, त्यानं २००१ मध्येच तो मार्ग बंद केला. प्रत्येकानं आपला दावा लावायचा, प्रत्येकानं पूर्ण फी भरायची.

दुसरी अडचण मोठी आहे. त्याच्या नावावर दोन स्ट्राइक आहेत. तारुण्यात त्यानं स्वतः लिहिलेले दोन दावे ‘कायद्यात बसणारं कारण दाखवलेलं नाही’ म्हणून फेटाळले गेले होते. निरर्थक, दुष्ट हेतूचा किंवा कायद्यात न बसणारा म्हणून दावा फेटाळला गेला की एक स्ट्राइक. तीन झाले की हप्त्यांची सवलत संपते आणि पुढच्या प्रत्येक दाव्याला ४०५ डॉलर आधीच एकरकमी मोजावे लागतात. अपवाद एकच, गंभीर शारीरिक इजेचा धोका अगदी समोर उभा असला पाहिजे. नव्यानं दावा लावायची मुभा ठेवून फेटाळलेला दावाही स्ट्राइकच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये लोमॅक्स खटल्यात ठरवलं. कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसाकडून मसुद्यात झालेली चूक अशी आयुष्यभर त्याच्या नावावर राहते.

त्याला सगळं सांगते. पायाचा दावा भक्कम आहे, तो आम्ही चालवू. कागदपत्रांचा दावा कमकुवत आहे. तो फेटाळला गेला तर तिसरा स्ट्राइक पडेल, आणि नाही फेटाळला तरी आणखी ३५० डॉलर आणि आणखी २० टक्के. तो थोडा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, पायाचाच लावू, पत्रं गेली ती गेली.

मुलीची पत्रं फेकली गेली ही तक्रार खोटी नव्हती. ती कुठल्या न्यायाधीशासमोर येणार नाही, कुठल्या आकडेवारीत दिसणार नाही. फीमुळे कमी झालेल्या दाव्यांत असे किती असतील, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

सायंकाळी ५.३०

कचेरीत परतल्यावर न्यायालयाच्या संगणकीय नोंदी पाहते. आज दोन आदेश आहेत.

एका दाव्याची छाननी होऊन तो फेटाळला गेला आहे. कैद्यानं सरकारी पदाधिकाऱ्याविरुद्ध किंवा यंत्रणेविरुद्ध लावलेला प्रत्येक दावा, समन्स निघण्याआधी, न्यायाधीशानं वाचायचा आणि निरर्थक असेल तर तिथेच काढून टाकायचा, असं १९९६ चा कायदाच सांगतो. आता अपील करायचं तर त्याची फी ६०५ डॉलर आहे, पुन्हा हप्त्यांनी. अपीलही निरर्थक ठरलं तर आणखी एक स्ट्राइक.

दुसरा दावा छाननीतून पुढे गेला आहे. नादार ठरलेल्या कैद्याच्या दाव्याचे समन्स बजावायचं काम सरकारी यंत्रणेचं असतं, मार्शल ते पोचवतील. इथून पुढे तुरुंगाच्या वकिलांना उत्तर द्यावं लागेल. हा दावा त्या माणसानं एकट्यानं, शब्दकोश जवळ ठेवून लिहिला होता. स्वतः लिहिलेल्या दाव्यांतून मोठे निकाल आजही लागतात. आर्कान्सासच्या ग्रेगरी होल्ट या मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती. त्याचा अर्ज हातानं लिहिलेला होता, आणि जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला.

हे दोन आदेश शेजारी ठेवले की फीचा प्रश्न उघड होतो. टाकाऊ दावा न्यायाधीशानं वाचून बाजूला केला, त्यासाठी फीची गरज पडली नाही. टिकणारा दावा न्यायाधीशानं वाचून पुढे पाठवला, त्यालाही फीची गरज पडली नाही. चाळण्याचं काम छाननी करते आहे. फी त्याच्या वर एकच गोष्ट करते, पैसे नसलेल्याला दावा लिहिण्याआधीच मागे वळवते.

सायंकाळी ६.३०

उत्तरं लिहायची वेळ. आमच्याकडे एक माहितीपत्रक आहे, सोप्या इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. खात्याचा उतारा दाव्याबरोबरच मागा. तो मिळायला उशीर झाला तर अर्ज केल्याची तारीख लिहून ठेवा आणि न्यायालयाला मुदतवाढ मागा. खात्यात काही नसेल तरी दावा पाठवा. कागद तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिल्याचा दिवस नोंदवून ठेवा, कारण १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक या निकालानंतर वकील नसलेल्या कैद्याचा कागद त्या दिवशी दाखल झाला असं धरतात. न्यायालयाचं फीबद्दलचं पत्र आलं तर उत्तर न देता ठेवू नका, फी न भरल्यापेक्षा उत्तर न दिल्यामुळे जास्त दावे बुडतात, हा आमचा अनुभव.

प्रत्येक पत्राच्या शेवटी मी हातानं दोन ओळी लिहिते. छापील कागद तुरुंगात पुष्कळ येतात. आपलं पत्र कुणीतरी खरोखर वाचलं, हे त्या दोन ओळींवरून कळतं.

रात्री ९.००

धाकट्या भावाचा फोन. कोल्हापुरात आता सकाळ आहे. तो तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहे. दिवसभराची हकिगत ऐकून तो म्हणतो, “ताई, कोठडीतल्या माणसाचं उत्पन्न आम्ही विचारतच नाही.”

तो म्हणतो ते कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेली प्रत्येक व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे, तिथे उत्पन्नाची मर्यादा लागत नाही. मदतीत वकील येतो आणि कोर्ट फीही येते. त्याची मुळं महाराष्ट्राच्याच एका खटल्यात आहेत. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील सरकारनं द्यायला हवा. त्यानंतर सुनील बत्रा या कैद्यानं दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं साधं पत्र सर्वोच्च न्यायालयानं याचिका म्हणून दाखल करून घेतलं. त्यावर स्टॅम्प नव्हता, फी नव्हती.

आपल्याकडे सगळं छान आहे असं माझं म्हणणं नाही आणि भावाचंही नाही. हक्क कागदावर असतो, तो बराकीपर्यंत पोचवायला माणसं लागतात, आणि तारखा पडत राहतात. पण दारात काय लिहिलं आहे, यालाही महत्त्व आहे. भारतीय कायदा कैद्याला सांगतो की तू कोठडीत आहेस म्हणून तुला मदत मिळेल. अमेरिकेचा १९९६ चा कायदा सांगतो की तू कोठडीत आहेस म्हणून इतर गरिबांची माफी तुला मिळणार नाही.

माझं मत पक्कं आहे. कैद्यांसाठीची ही वेगळी फी रद्द व्हावी आणि नादार माणूस आत असो की बाहेर, त्याला एकच नियम लागावा. ते होईपर्यंत निदान दोन दुरुस्त्या तरी व्हाव्यात. दावे कितीही असोत, एकूण कपात जमेच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, आणि घरच्यांनी गरजेच्या वस्तूंसाठी पाठवलेला पैसा कैद्याचं उत्पन्न म्हणून मोजला जाऊ नये. या दुरुस्त्या करणं काँग्रेसच्या हाती आहे. अमेरिकेत मतदार झालेल्या मराठी माणसांनी आपल्या प्रतिनिधीला याबद्दल पत्र लिहावं.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या ओळखीचं कुणी तुरुंगात असेल आणि पैशाअभावी दाद मागायची राहिली असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. ती मदत मागणं हा त्या माणसाचा हक्क आहे, आणि त्याला तो तुम्हीच सांगू शकता.